‘पाहिजे’चं इंग्रजी

परवा रात्री जेवणं उरकल्यावर शेजारची मुलगी आली, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “काकू, यात मी काय वाईट लिहिलंय?” ती आयटीत आहे, तिच्या टीमचं काम इंग्लंडमधल्या एका कंपनीसाठी चालतं. दुपारी तिने तिकडच्या वरिष्ठ बाईंना मेल केला होता: ‘यू मस्ट सेंड द फाइल बाय इव्हनिंग.’ खाली बाईंचं उत्तर, दोन शब्दांचं. ‘मस्ट आय?’ वर नाव नाही, खाली रिगार्ड्स नाहीत. काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळत होतं, पण बोट कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं, कारण वाक्यात चूक अशी नव्हतीच. स्पेलिंग बरोबर, मस्टनंतर क्रियापदाचं मूळ रूप बरोबर, पूर्णविरामसुद्धा जागेवर. मी विचारलं, “लिहिताना मनात मराठीत काय आलं होतं?” ती म्हणाली, “संध्याकाळपर्यंत फाइल पाठवायला पाहिजे, नाहीतर आमचं उद्याचं टेस्टिंग अडतं.” त्या मराठी वाक्यात हुकूम नव्हता. अडचण होती, थोडी काकुळती होती. ती इंग्रजीत पोचेपर्यंत कुठे गळून पडली, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाहीये.

दोष मी तक्त्याला देते. साहाय्यक क्रियापदांचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने पडतात. डावीकडे कॅन, मे, शुड, मस्ट; उजवीकडे शकतो, कदाचित, पाहिजे, पाहिजेच. शेवटच्या दोन ओळींत फरक काय तो एका ‘च’चा, आणि तो ‘च’ पाठ करून वर्ग पुढच्या धड्याकडे जातो. पण खुद्द ‘पाहिजे’ हा शब्द केवढा ऐसपैस आहे! ‘पाहणे’चं ते जुनं कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिलं जातं’ असं. ज्याच्याकडे नजर लागून राहिली आहे, ते पाहिजे. ‘मला जरा पाणी पाहिजे’, ‘आईला एकदा डॉक्टरांना दाखवायला पाहिजे’, ‘फॉर्मवर दोन सह्या पाहिजेत’, ‘काल तू यायला पाहिजे होतंस’. एकात तहान, एकात काळजी, एकात नियम, एकात रुसवा. यातलं काय ते ठरतं आवाजावरून, भुवयांवरून, शेवटचा स्वर किती लांबवला त्यावरून. मेलमध्ये आवाज पोचत नाही. तिथे इंग्रजी माणूस तो आवाज शब्दात शोधतो, आणि त्याच्याकडे या एका ‘पाहिजे’साठी निदान सहा शब्द आहेत.

मस्टमधली सक्ती बोलणाऱ्याची असते. ‘आय मस्ट गो’ म्हणजे मलाच आता निघावंसं, निघायला हवंसं वाटतंय. ‘आय हॅव टु गो’ म्हणजे गाडीची वेळ झालीय, थांबणं माझ्या हातात नाही. मराठीत हा फरक ‘मला जायला हवं’ आणि ‘मला जावं लागतं’ यांत आहे. लागणं बाहेरून येतं, जशी ठेच लागते, ऊन लागतं. आता ‘यू मस्ट’ म्हटलं की सक्ती करणारा मी, आणि जिच्यावर करायची ती समोरची. बाईंचा प्रश्न नेमका तिथे होता: माझ्यावर ही सक्ती तुमची का? शुडमध्ये सक्ती नाही, योग्य काय ते आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा उरते, पण त्याने काय करणं योग्य हे आपण ठरवलं, हा भाग उरतोच. ‘यू वेअर सपोज्ड टु सेंड’मध्ये आधी ठरल्याची आठवण आहे आणि ठपकाही. सगळ्यात फसवं ‘यू हॅड बेटर’. बेटर दिसलं की आपण ते ‘पाठवलेलं बरं’ असं वाचतो. मराठीतलं ते ‘बरं’ खांद्यावर हात ठेवून बोलतं. हॅड बेटरच्या पोटात ‘नाहीतर बघा’ असतं. आई मुलाला म्हणेल, डॉक्टर पेशंटला म्हणतील. कनिष्ठाने वरिष्ठाला लिहिलं तर ती धमकी होते. आणि सगळ्यात बिनधोक वाट तक्त्यात कुठेच नसते: कर्ताच बदलायचा. ‘वुई नीड द फाइल बाय इव्हनिंग.’ गरज आमची, ओझं आमच्याकडे, पाठवायचं की नाही ते तुमच्याकडे.

तरी मस्ट हा उद्धट शब्द नव्हे.

इंग्रजी घरात चहाला बोलावलं आणि यजमानीण केकची दुसरी फोड वाढताना ‘यू मस्ट हॅव अनदर’ म्हणाली, तर तो आग्रह आहे, निव्वळ आपल्या पंगतीतला. तीच ‘यू मे हॅव अनदर’ म्हणाली, तर वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी परवानगी दिल्यासारखं वाटेल. सौम्य शब्द कठोर वाटतो आणि कठोर शब्द मायेचा, कारण हिशेब फायद्याचा आहे. ज्यात फायदा ऐकणाऱ्याचा, तिथे सक्ती जितकी जास्त तितकं प्रेम जास्त. ज्यात फायदा बोलणाऱ्याचा, तिथे तीच सक्ती डोक्यावर बसते. ‘जिलबी घ्यायलाच पाहिजे’ आणि ‘पैसे द्यायलाच पाहिजेत’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली तर हे सांगायला इंग्रजी व्याकरण लागत नाही. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या माणसाच्या अंगात हा नियम भिनलेला असतो. फक्त इंग्रजी लिहायला बसलं की तो नियम बाजूला ठेवून आपण तक्ता उघडतो.

नकाराची गोष्ट आणखी नाजूक. मराठी नकाराइतकं वैभव थोड्या भाषांकडे असेल: नाही, नको, नये, नव्हे, आणि प्रत्येकाचं घर वेगळं. त्यात ‘नको’ दोन घरांत राहतं. ‘उद्या यायला नको’ यात ‘येण्याची गरज नाही’ हाही अर्थ आहे आणि ‘येणं बरं नाही’ हाही. परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या एखाद्या आजी घरी येणाऱ्या नर्सला, सुट्टीच्या दिवशी तिला कशाला त्रास, म्हणून ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दया असते आणि नर्सच्या कानावर मनाई पडते. मस्ट नॉटमध्ये नॉट चावतं ते येण्याला: न येणं सक्तीचं. डोंट हॅव टुमध्ये नॉट चावतं सक्तीला: सक्ती नाही, आलात तरी चालेल. पहिलं म्हणजे ‘येऊ नये’, दुसरं म्हणजे ‘यायची गरज नाही’. मे नॉट तर दोन्हीकडे चावतं. पाटीवरच्या ‘व्हिजिटर्स मे नॉट एंटर’चा अर्थ आत यायला परवानगी नाही, ‘ही मे नॉट कम’ म्हणजे तो कदाचित यायचा नाही. मला यावर एकच उपाय ठाऊक आहे: लिहिण्याआधी मराठी वाक्यातलं ‘नको’ काढून त्याजागी ‘नये’ किंवा ‘गरज नाही’ घालून पाहायचं. जे बसेल त्याचंच इंग्रजी करायचं.

दुपारी चारला दारावरची बेल वाजते. कोण असेल? मराठी माणूस इथे किती पायऱ्या चढतो-उतरतो ते ऐकण्यासारखं असतं. कुरिअरवाला असणार. असेल. असावा. असायला हवा. असू शकेल. छे, असणं शक्यच नाही. इंग्रजीत याच पायऱ्या साहाय्यक क्रियापदांच्या आहेत. ‘दॅट विल बी द कुरिअर’ यातल्या विलचा भविष्यकाळाशी काडीचा संबंध नाही, माणूस आत्ता दाराबाहेर उभा आहे. आपलं ‘असेल’ही रूपाने भविष्यकाळच. मस्ट बी म्हणजे खुणांवरून काढलेला निष्कर्ष: चपला दारात, किल्ली खुंटीला, म्हणजे घरातच असणार. शुड बी म्हणजे हिशेबाने: पार्सल दुपारी येईल असं कळवलं होतं, तेव्हा तोच असायला हवा. मे, माइट, कुड म्हणजे असूही शकेल. आणि मस्ट बीच्या उलट काय, तर मस्ट नॉट बी नव्हे. ‘तो असणं शक्य नाही’ला इंग्रजीत ‘इट कान्ट बी हिम’ म्हणतात. इथे भले भले चुकतात, कारण मस्टचा नकार मस्टमध्येच असणार असं वाटतं. भूतकाळात गेलं की दोन मस्टच्या वाटा फुटतात: तर्काचं मस्ट हॅव गॉन, म्हणजे ‘गेला असणार’, सक्तीचं हॅड टु गो, म्हणजे ‘जावं लागलं’. शुड हॅवचा घोटाळा उलटा आहे. ‘शी शुड हॅव रीच्ड बाय नाउ’ या एकाच वाक्यात ‘एव्हाना पोचली असेल’ हा दिलासाही मावतो आणि ‘एव्हाना पोचायला हवी होती’ ही धाकधूकही. दारात उभं राहून रस्त्याकडे बघणाऱ्या माणसाला यातलं कोणतं म्हणायचंय, हे मराठीत लपत नाही.

हे शब्द असे तऱ्हेवाईक का? कॅनला तृतीयपुरुषी एस लागत नाही, मस्टला भूतकाळ नाही, कोणाच्याही पुढे टु चालत नाही. शाळेत हे अपवाद म्हणून पाठ करून घेतात आणि मुलं ‘ही कॅन्स’, ‘मस्ट टु गो’ लिहीत राहतात. कारण सांगितलं तर निदान एसचं कोडं सुटतं, आणि ते कारण आपल्या देवघरात आहे. गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात तेव्हा फलश्रुतीच्या शेवटी येतं: य एवं वेद. जो हे असं जाणतो. ‘जाणतो’चं नेहमीचं वर्तमानकाळी रूप ‘वेत्ति’, शेवटी ‘ति’ असलेलं. ‘वेद’ला तो ‘ति’ नाही, कारण त्याची ठेवण भूतकाळाची आहे आणि अर्थ वर्तमानाचा: जाणून घेतलं होतं, म्हणून आता जाणतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कॅन, मे, शॅल यांची हीच जात होती. घडण भूतकाळाची, अर्थ आजचा. इतर क्रियापदांना लागणारा वर्तमानकाळाचा प्रत्यय त्यांना कधी लागलाच नाही, म्हणून आजही ‘ही कॅन’. मस्ट हा ज्याचा भूतकाळ होता तो वर्तमानकाळी शब्द भाषेतून केव्हाच गेला. उरलेला भूतकाळ वर्तमानाचं काम करू लागला, आणि त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही. म्हणून हॅड टु उसना घ्यावा लागतो. कुडच्या स्पेलिंगमधला एल तर शेजाऱ्यांकडून आलेला. शुड आणि वुडमध्ये तो शॅल आणि विलमधून उतरला आहे, हक्काचा. कुडमध्ये मुळात नव्हता, दोघांशी जुळावा म्हणून मागाहून घातला.

आणि कॅन या शब्दाचं मूळ? संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू आणि इंग्रजी कॅन, नो हे एका आजीचे नातू. मराठीतलं ‘जाणणं’ही त्याच घरातलं. म्हणजे ‘कॅन यू स्विम?’ हा मुळात बळाचा प्रश्न नाही, जाणण्याचा आहे, आणि त्याचं खरं मराठी ‘पोहू शकतोस का?’ असं नसून ‘पोहता येतं का?’ असं आहे. मराठी हे दोन कप्पे आजही वेगळे ठेवते. ‘मला पोहता येतं, पण आज पोहू शकणार नाही, खांदा दुखतोय.’ हल्ली इंग्रजीवरून उलट येणाऱ्या मराठीत सगळीकडे ‘शकतो’ झालंय, ‘ती छान गाऊ शकते’ असं सर्रास ऐकू येतं, आणि ते ऐकताना आपल्या घरातला एक कप्पा कोणीतरी बंद करतंय असं मला वाटतं. विलही आपल्या गोतातलं. त्याचं मूळ इच्छेत, निवडीत. संस्कृतातला ‘वृ’ धातू, ज्यातून नवरदेवाचा ‘वर’ आणि ‘स्वयंवर’ आले, तो त्याचा सख्खा. बी हे क्रियापद तर तीन घरांतून गोळा झालंय. ऍम आणि इज ‘अस्’कडचे, अस्मि आणि अस्ति यांचे भाऊ, बी आणि बीन ‘भू’कडचे, वॉज आणि वेअर ‘वस्’कडचे, जिथून आपल्याला वस्ती आणि निवास मिळाले. ‘आय वॉज’ म्हणताना त्याच्या तळाशी कुठेतरी ‘मी वसलो होतो’ आहे. हे समजलं की या रूपांचा वैताग जातो, निदान माझा तरी गेला.

एक वाक्य सावकाश उलगडून बघण्यासारखं आहे. ‘द लेटर मे हॅव बीन रिटन.’ पत्र लिहिलं गेलं असू शकेल. आता मराठीची क्रियापदं शेवटून पुढे वाचायची: शकेल, असू, गेलं, लिहिलं. इंग्रजीत डावीकडून: मे, हॅव, बीन, रिटन. एकास एक, आरशातल्यासारखं. इंग्रजीत इंजिन पुढे, मुख्य क्रियापद शेवटच्या डब्यात. मराठीत मुख्य क्रियापद पुढे आणि ढकलणारी मागे, कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीच्या मागून बँकर इंजिनं लावतात तशी. दोन्हीकडे प्रत्येक शब्द आपल्या पलीकडच्याचं रूप ठरवतो. मे आला की पुढचा मूळ रूपात: हॅव, हॅज नाही. हॅव आला की पुढचा तिसऱ्या रूपात: बीन. कर्मणीचा बी आला की पुढचा पुन्हा तिसऱ्या रूपात: रिटन, आणि तो चालू क्रियेचा असेल तर पुढे आयएनजी. क्रम कधी बदलत नाही, मधला डबा गाळता येतो, पुढेमागे करता येत नाही. लांब वाक्यात अडखळणाऱ्या मुलांना मी नियम न सांगता मराठी वाक्य लिहायला लावते आणि शेवटून सुरुवात करायला सांगते. ‘डिड वेंट’ची चूकही इथेच उलगडते. इंग्रजीत काळाचं ओझं पहिल्या डब्यावर, एकदाच. डिडने ते उचललं की वेंटला परत गो व्हावं लागतं. आपण ‘गेलो नाही’ म्हणताना काळ ‘गेलो’वरच ठेवतो, म्हणून हात आपोआप वेंटकडे जातो.

भूतकाळाचा एक उपयोग मात्र दोन्ही भाषांत इतका सारखा आहे की पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थबकले होते. कोणाच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, “तुमच्याकडे एक जरा काम होतं.” होतं? काम तर अजून आहे, त्यासाठीच आलोय. पण ‘आहे’ म्हटलं की ते समोरच्याच्या अंगावर येतं. ‘होतं’ने ते एक पाऊल मागे सरकतं, नाही म्हणायची त्याला मोकळीक राहते. कुड, वुड, माइट यांची सभ्यता तीच. कॅन यू, विल यू यांना भूतकाळात ढकललं की कुड यू, वुड यू होतं. वेळ तीच, अंतर वाढलेलं. ‘देता का’, ‘द्याल का’, ‘देऊ शकाल का’ ही आपली उतरंड आणि विल यू, वुड यू, वुड यू बी एबल टु ही त्यांची. वाक्य लांबतं तशी मोकळीक वाढते.

याच वुडचा आपल्याकडे अतिरेकही झालाय. सभ्य वाटतं म्हणून विलच्या जागी सगळीकडे वुड. सोसायटीच्या फलकावर ‘वॉटर सप्लाय वुड बी क्लोज्ड टुमॉरो’, सभेच्या पत्रात ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऍट फोर’. इंग्रजी वाचणाऱ्याला वुड दिसलं की तो ‘जर’ शोधायला लागतो. बंद राहील, जर काय झालं तर? आपल्याला हे कळायला हवं, कारण आपलं ‘असतं’ तेच करतं: ‘पाणी बंद राहिलं असतं’ असं फलकावर लिहिलं तर चौथ्या मजल्यावरची बाई बादल्या भरणारच नाही. ‘येईल’ला विल, ‘आला असता’ला वुड हॅव कम. जुन्या सवयीसाठीचं ‘जायचो’ही वुडमध्ये बसतं, पण क्रियेसाठीच: ‘वुई वुड गो’ चालतं, ‘देअर वुड बी अ बनियन ट्री देअर’ म्हणजे ‘तिथे वड असायचा’ हे चालत नाही, तिथे यूज्ड टु बी. कुडचंही तसंच. धापा टाकत स्टेशन गाठल्यावर ‘मला गाडी पकडता आली’, याचं ‘आय कुड कॅच द ट्रेन’ केलं की ऐकणारा समजतो, अजून पकडता येईल असं म्हणतोय. एकदाच घडलेल्या यशाला वॉज एबल टु किंवा मॅनेज्ड टु. नकाराला ही अट नाही, ‘आय कुडन्ट कॅच इट’ बिनघोर म्हणावं. आणि कॅन किंवा कुडच्या शेजारी एबल नको, दोघं एकच काम करतात.

बोलतानाची एक अडचण कोणी सांगतच नाही. आपण प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारतो, ‘आय कॅन कम’ यातला कॅन पूर्ण, ठसठशीत. इंग्रजी कानाला होकारातला कॅन ऐकायची सवय जवळजवळ ‘क्न्’ अशी, स्वर गिळलेला, जोर पुढच्या कमवर. ठसठशीत कॅन आला की, विशेषतः अमेरिकनांना, तो कॅन्ट वाटतो, कारण त्यांच्या कॅन्टमधला शेवटचा टी ओठांबाहेर येतच नाही. फोनवर ‘मी येऊ शकते’ म्हणायचं आणि समोर ‘येऊ शकत नाही’ पोचायचं. कॅन आखूड करायचा, क्रियापदावर जोर द्यायचा. नकार असेल तेव्हा कान्ट लांबवायचा, किंवा सरळ कॅनॉट म्हणायचं.

शॅलबद्दल थोडंच. ‘आय शॅल, यू विल’ हा नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि आपल्या शाळांनी तो अलीकडेपर्यंत सांभाळला. बोलण्यातून शॅल आता ‘शॅल वुई?’, ‘शॅल आय?’ एवढ्यापुरतं उरलंय. कायद्यात मात्र ते ठाण मांडून आहे. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ७४ बघावा. मंत्रिपरिषद राष्ट्रपतींना सल्ला देईल, एवढंच सुरुवातीला होतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींसाठी एक शॅल घातलं: त्या सल्ल्यानुसारच वागतील. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्याला एक मे जोडलं: फेरविचार करायला सांगू शकतील, आणि मागोमाग पुन्हा शॅल, फेरविचारानंतरच्या सल्ल्याप्रमाणे वागतील. देशाच्या सर्वोच्च पदाचे हात किती मोकळे, ते या एवढ्याएवढ्या शब्दांनी मोजलं. मराठी कायदा शॅलसाठी ‘करील’, ‘राहील’ वापरतो आणि मेसाठी ‘करता येईल’. साधा भविष्यकाळ तिथे आज्ञेचं वजन पेलतो. संगणकवाल्यांनी हीच वाटणी आणखी काटेकोर केली. इंटरनेटची मानकं कशी लिहायची ते सांगणाऱ्या, मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात मस्ट, शुड, मे यांचे अर्थच ठरवून दिलेत: मस्ट म्हणजे पर्याय नाही; शुड म्हणजे सबळ कारण असेल तर, परिणाम समजून घेऊन, सोडता येईल; मे म्हणजे पूर्ण ऐच्छिक.

हे आठवलं आणि त्या मुलीच्या वाक्याचं दुसरं टोक हाती लागलं. मी तिला विचारलं, “तुमच्या रोजच्या कागदपत्रांत मस्ट असतं का गं?” ती म्हणाली, “दिवसभर तेच तर वाचते. द सिस्टिम मस्ट व्हॅलिडेट, द यूझर मस्ट एंटर.” म्हणजे एका बाजूने शाळेचा तक्ता, दुसऱ्या बाजूने सिस्टिमला उद्देशून लिहिलेली इंग्रजी, आणि या दोहोंमध्ये तिच्या मनातलं ते काकुळतीचं ‘पाहिजे’. सिस्टिमला राग येत नाही.

आम्ही मेल पुन्हा लिहायला घेतला. आपल्याकडे नऊ वाजले होते, तिकडे अजून पाच वाजायचे होते. मी तिला इंग्रजी सांगितलं नाही. म्हटलं, त्या बाई तुझ्या मावशीच्या वयाच्या आहेत असं समज आणि मराठीत माग. ती जरा विचार करून म्हणाली, “मघाशी मी नीट लिहायला हवं होतं. उद्या टेस्टिंग सुरू करायला आम्हाला ती फाइल लागेल. तुमच्या सहा वाजेपर्यंत पाठवू शकाल का?” मग तिने तीच तीन वाक्यं, मागून पुढे एकेक डबा जोडत, टाइप केली. ‘आय शुड हॅव पुट दॅट बेटर. वुई विल नीड द फाइल टु स्टार्ट टेस्टिंग टुमॉरो. वुड यू बी एबल टु सेंड इट बाय सिक्स युअर टाइम?’ शुड हॅववर थांबून तिने विचारलं, “काकू, हे तर्काचं की हळहळीचं?” मी म्हटलं, हळहळीचं. तिने सेंड दाबलं.

मी सरबत करायला आत गेले. लिंबू पिळत होते तेवढ्यात बाहेर मोबाइल वाजला. या वेळीही उत्तर दोनच शब्दांचं होतं: ‘विल डू.’